झोपेतलं बोलणं

झोपेत बोलणाऱ्या माणसाच्या आवाजाला एक ओल असते. दिवसभर ऑफिसात, बँकेत, सोसायटीच्या जिन्यात वापरलेला, घासूनपुसून नीट ठेवलेला आवाज तो नव्हेच. हा घशाच्या फार खालून येतो, अर्ध्या वाटेवर थबकतो, कधी नुसताच उसासा होऊन विरतो आणि कधी अख्खं वाक्य बोलून जातो, इतकं स्पष्ट की शेजारी जागं असलेल्या माणसाने नकळत हुंकार द्यावा. कितीतरी वर्षं मी त्या हुंकाराच्या तयारीत झोपत आलो. पुण्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात शेवटची रिक्षा गेली, वरच्या मजल्यावरचा नळ बंद झाला, कुत्री भुंकून दमली, की माझ्या डाव्या बाजूला ते बोलणं सुरू व्हायचं.

जागेपणी माझा जोडीदार शुद्ध बोलायचा. माझ्यापेक्षाही शुद्ध. सातारा जिल्ह्यातल्या, कृष्णाकाठच्या गावातून शिकायला म्हणून पुण्यात आलेल्या मुलाने पहिल्या वर्षी वर्गातलं हसणं ऐकून जे ठरवलं असेल, ते त्याने पुढे कधी मोडलं नाही. पण झोपेत ते सगळं गळून पडायचं. ‘आरं, धर की त्येला,’ असं तो कुणाला तरी घाईने सांगायचा. ‘आप्पा, पानी चढाय लागलंय, वर या,’ म्हणायचा, आणि मला अंधारात उगाच वाटायचं की खरंच कुठेतरी पाणी चढतं आहे, पायऱ्या एकेक बुडताहेत, आणि काठावर एक लहान मुलगा उभा आहे, ज्याला मी कधी पाहिलेलं नाही.

हे बोलणं त्याला गोळीने दिलं होतं.

त्या गोळीत एचआयव्हीवरची तीन औषधं एकत्र होती, आणि त्यातलं एफाव्हिरेन्झ नावाचं औषध माणसाच्या झोपेत शिरतं. सगळ्यांच्याच नाही, पण पुष्कळांच्या. म्हणून ती रात्री, अगदी पाठ टेकायच्या वेळी घ्यायची. येणारी चक्कर झोपेतच निघून जावी एवढाच हिशेब. जेवण लवकर आणि हलकं. तेलकट-तुपकट खाल्लं की औषध अंगात जास्त उतरतं आणि डोकं जास्त गरगरतं, म्हणून आमच्या घरात रात्रीची भजी बंद झाली, पुरणपोळी दुपारीच आटोपायची ठरली, आणि लग्नाकार्याच्या पंगतीतून तो मठ्ठा पिऊन उठायला शिकला. सुरुवातीला भिंती हलतात, सांगायचा, होळीला भांग घेतल्यावर हलतात तशा. मग भिंती थांबल्या. स्वप्नं मात्र राहिली.

आणि काय स्वप्नं! सकाळी चहा उकळेपर्यंत तो ती सांगायचा, आणि मी कप हातात धरून ऐकत राहायचो. बेंदराचे बैल, शिंगं हिंगूळ लावून रंगवलेले, सगळ्या गावातून चालत थेट त्याच्या कॉलेजच्या वर्गात आलेले. आई चुलीपाशी भाकरी थापते आहे आणि प्रत्येक भाकरीवर कुणाचा तरी चेहरा उमटतो आहे. पूर आलेला, पण पाणी निळंशार, आणि पाण्याखालून देवळाची घंटा वाजते आहे. रंग इतके पक्के की जागेपणीचा दिवस त्यापुढे फिका वाटे. मला त्याचं आयुष्य त्याने सांगितलेल्या हकिकतींतून थोडं कळलं, या स्वप्नांतून जास्त. कुठल्या वळणावर विहीर होती, कुठल्या चुलत्याचा धाक होता, कुठल्या पोराकडे बघताना पहिल्यांदा छातीत कळ आली. जागेपणी त्याने हे कधी सांगितलं नसतं. सकाळच्या त्या अर्ध्या तासात, झोपेचा पडदा पुरता वर जाण्याआधी, तो सांगून जायचा.

एक माणूस त्या स्वप्नांत वारंवार यायचा. आमच्याच गोतावळ्यातला, आमच्याहून वयाने बराच मोठा, मी ज्याला फक्त एकदोनदा भेटलो होतो. त्याचे गाल आत गेलेले होते. सुरुवातीच्या औषधांत स्टॅव्ह्युडिन नावाचं एक होतं. ते विषाणूला आवरायचं, पण चेहऱ्यावरची चरबी झिजवायचं, तळपायांची आग करायचं. त्या काळी अनेक पुरुषांना एकमेकांची गोष्ट न विचारता कळायची ती गालांवरून. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा वर्षाचा खर्च साडेतीनशे डॉलरवर आणून दाखवला, दिवसाला एका डॉलरहून कमी, आणि जगभर त्याची चर्चा झाली. पण आपल्या सरकारी रुग्णालयांतून ती औषधं मोफत मिळू लागली १ एप्रिल २००४ पासून. मधल्या वर्षांत जे गेले, ते गेले. हा माणूस वाचला, गाल देऊन वाचला, आणि पुढे क्षयाने गेला. स्वप्नात तो यायचा तेव्हा त्याचे गाल भरलेले असायचे. ‘काय गुबगुबीत दिसत होता रे,’ तो मला सांगायचा आणि चहात उगाच चमचा फिरवत राहायचा.

आम्ही भेटलो २०१४ साली. आदल्या डिसेंबरात, ११ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा जागेवर आणून ठेवलं होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये उघडलेलं दार चार वर्षांनी लागलं होतं. आमच्यासारख्यांनी त्या दिवसांत एकमेकांना शोधलं ते खालच्या आवाजात. डेक्कनच्या झेड ब्रिजवर संध्याकाळी जोडपी दुचाक्या लावून ओळीने बसतात, प्रत्येकाचं लक्ष आपापल्या माणसाकडे. दोन पुरुष तिथे शेजारी बसले तर कुणी वळून बघत नाही. दोघे मित्र, पोरींची वाट बघत असतील. तिथेच त्याने सांगितलं. ‘मी पॉझिटिव्ह आहे. गोळ्या चालू आहेत. तुला उठून जायचं असेल तर जा, मी राग धरणार नाही.’

खाली मुठेचा वास होता. पलीकडच्या काठावर दिवे लागत होते. माझ्या डोळ्यांपुढे शाळेच्या वाटेवरच्या दवाखान्याची भिंत आली. तिच्यावर लाल रंगात कवटी काढलेली आणि खाली एड्सविषयीची धमकी. त्या भिंतीवर औषधाबद्दल एक अक्षर नव्हतं. आमच्या पिढीला हा आजार असाच भेटला, आधी कवटी आणि मग माणूस. पण माझ्या शेजारी बसलेल्या माणसाच्या मनगटावर घड्याळाचा पट्टा सैल झाला होता आणि तो पुन्हा पुन्हा वर सरकवत होता. मला त्या क्षणी दिसलं ते एवढंच. मी विचारलं, ‘जेवलास का?’

तो रडला नाही, मीही नाही. आम्ही जेवायला गेलो. त्याने तेलकट काही घेतलं नाही.

पुढे ही औषधं मिळायच्या एआरटी सेंटरची वाट माझ्याही पायाखालची झाली. सरकारी रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, लांबच लांब बाक, भिंतीला पाठ लावून बसलेली माणसं. ट्रक चालवणारे, विधवा बायका, लेकरू मांडीवर घेतलेली आजी, पदर तोंडावर ओढलेल्या तृतीयपंथी. आणि आमच्यातले काही, ज्यांना आम्ही ओळखायचो आणि तेही आम्हाला ओळखायचे, पण त्या बाकावर कुणी कुणाला हाक मारत नसे. समुपदेशक ताई डबी टेबलावर ओतायला लावून उरलेल्या गोळ्या मोजायच्या. एक जास्त निघाली तर भुवई वर. ‘सोबत कोण?’ त्यांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘भाऊ.’ त्यांनी आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने पाहिलं, कुठेच साम्य नव्हतं, आणि त्यांनी शांतपणे ‘भाऊ’ लिहिलं. त्या लिहिण्यातली माया मला अजून आठवते.

भीती मात्र त्याला माझ्यापेक्षा जास्त होती. कांदा चिरताना बोटाला चिरा पडला की तो हात पाठीमागे धरून मला लांब हो म्हणायचा. दाढीचं सामान कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर. मला नुसता ताप आला तरी त्याचा चेहरा पांढराफटक पडायचा. दर काही महिन्यांनी मी तपासणीला रक्त द्यायला जायचो तेव्हा तो बाहेर थांबायचा. रिपोर्ट हातात येईस्तोवर पाणीसुद्धा प्यायचा नाही. निगेटिव्ह, मी बाहेर येऊन सांगायचो. तो नुसती मान हलवायचा. दोन शरीरं रात्री जवळ येतात तेव्हा त्यांच्यामध्ये आणखी काय काय झोपायला येतं! त्याच्या बोटांना अडखळताना मी पाहिलं आहे. ऐन ओढीच्या क्षणी त्याच्या डोळ्यांत हिशेब सुरू झालेला पाहिला आहे. कंडोम असायचाच. तरीही.

त्या काळात रक्तातल्या विषाणूंची मोजणी नेमाने होत नसे. सीडी-फोर या प्रतिकारपेशींच्या आकड्यावर सगळं चालायचं, आणि आकडा वर गेला की आम्ही घरी शिरा करायचो. २०१८ पासून व्हायरल लोडची तपासणी सरकारी केंद्रांतून ठरलेल्या मुदतीने होऊ लागली. त्याच्या रक्तात विषाणू सापडण्याइतकाही उरलेला नाही, असं सांगणारा कागद त्याने घरी आणला आणि देवासमोर नव्हे, फ्रिजवर चिकटवला. मग कुणी पाहुणा येईल म्हणून काढून आत ठेवला.

२०१९ च्या उन्हाळ्यात युरोपातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, ‘पार्टनर-टू’. चौदा देशांतली आमच्यासारखी ७८२ पुरुष-जोडपी, एकाला संसर्ग, दुसऱ्याला नाही. संसर्ग असलेला नेमाने औषध घेतो आहे, विषाणू दबलेला आहे. कंडोमशिवायच्या संबंधांतूनही जोडीदाराकडून जोडीदाराला एकही संसर्ग गेला नाही. एकही नाही. ज्या पंधराजणांना त्या काळात लागण झाली, त्यांचा विषाणू तपासला तेव्हा तो बाहेरून आलेला निघाला, घरातल्या माणसाचा नव्हता. मी हे सगळं फोनवर वाचून दाखवत होतो आणि तो छताकडे बघत पडला होता. ‘परत वाच,’ म्हणाला. मी परत वाचलं. ‘म्हणजे माझ्याकडून तुला...’ वाक्य त्याने पुरं केलं नाही. काही दिवसांनी त्याच्या बोटाला पुन्हा सुरी लागली, आणि त्याने हात माझ्यापुढे धरला. मी हळद दाबली. एवढीच गोष्ट. पण त्या स्वयंपाकघरात इतकी वर्षं आम्ही दोघे होतो आणि एवढी जवळीक तिथे कधी आलेली नव्हती.

कुणी म्हणेल, मग आता सगळं मोकळं. तसं नसतं. गोळी फक्त एका विषाणूला आवरते. गरमी, परमा यांना तिचं काही भय नाही, म्हणून तपासण्या अजूनही होतात, दोघांच्याही, आणि त्याची आता लाज उरलेली नाही. आमच्यात एक करार आहे: बाहेर काही घडलं तर लपवायचं नाही, आधी सांगायचं, मग रुसायचं. पुरुषांच्या जोडप्यांत असे करार असतात, काही बोललेले, काही न बोललेले, आणि न बोललेल्यांनीच जास्त घात केला आहे. आमच्या ओळखीतली तरुण पोरं आता संसर्ग होऊ नये म्हणून आधीच प्रेपची गोळी घेतात. रात्री काही गफलत झाली तर बहात्तर तासांच्या आत डॉक्टर गाठायचा, हे त्यांना पाठ असतं. ती हे सगळं चहाच्या टपरीवर, मोठ्याने बोलतात. मी ऐकतो आणि मला त्या गाल बसलेल्या माणसाची आठवण येते. त्याला हे ऐकायला मिळायला हवं होतं.

तसाच आठवतो २०१८ च्या सप्टेंबरचा एक आठवडा. गणपती तोंडावर आलेले, नदीपात्रात ढोल-ताशांचा सराव चाललेला, सबंध शहराच्या छातीत ठोका. गुरुवारी, ६ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने आमच्या प्रेमावरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं इंद्रधनुष्यी झाली. आणि चारच दिवसांनी, सोमवारी, १० तारखेला, एचआयव्ही-एड्स कायदा देशभर लागू झाला, ज्याचा गाजावाजा फारसा कुणी केला नाही: माणसाच्या संमतीवाचून त्याची एचआयव्हीची स्थिती उघड करायची नाही, त्यावरून नोकरी, घर, उपचार नाकारायचे नाहीत. त्याने कुठूनतरी ती बातमी कापून आणली आणि घडी करून औषधाच्या पुस्तिकेत ठेवली.

त्याच सुमारास एका रात्री आम्ही ‘माय ब्रदर निखिल’ हा सिनेमा पाहिला. त्यामागची खरी गोष्ट गोव्याच्या डॉमिनिक डिसोझाची आहे. १९८९ साली, रक्तदान केल्यावर त्याच्या रक्तात विषाणू सापडला, आणि त्याला पोलिसांकरवी उचलून म्हापशाच्या बंद पडलेल्या क्षय रुग्णालयात चौसष्ट दिवस एकट्याला कोंडून ठेवलं. कायद्यानेच तशी मुभा दिली होती. सुटल्यावर तो घरात बसला नाही. बोलत राहिला, लढत राहिला, ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि १९९२ च्या मे महिन्यात गेला. सिनेमा संपल्यावर माझा जोडीदार बराच वेळ काही बोलला नाही. त्या रात्री झोपेत मात्र म्हणाला, ‘दार उघडा की वो.’ दोनदा. मी त्याच्या छातीवर हात ठेवला. तो पुन्हा शांत झोपला.

आणि आप्पा, त्याचे वडील. बाकी स्वप्नं येत-जात, आप्पांचं स्वप्न ठाण मांडून होतं. स्वप्नात तो त्यांना सगळं सांगायचा: हा आजार, ही गोळी, आणि मी. दर वेळी आप्पा वेगळं वागायचे. एकदा हसले. एकदा काही न बोलता बैल सोडायला गेले. एकदा त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि नुसते बसून राहिले. जागेपणी त्याने त्यांना काहीच सांगितलं नव्हतं, आणि मग एका पावसाळ्यात आप्पा गेले. त्यानंतरही ते स्वप्नात यायचे, आणि हा सांगायचा. अंधारात मी ते ऐकायचो, एका बाजूचं बोलणं, मधली शांतता. त्या शांततेत आप्पा काय म्हणत असतील, याचा अंदाज बांधत मी कूस बदलायचो.

मग औषध बदललं. करोनाचा जोर ओसरू लागला त्या सुमारास एफाव्हिरेन्झच्या जागी डोल्युटेग्राव्हिर आलं. दिवसातून एकच गोळी, कधीही घ्या, जेवणाचं बंधन नाही. भिंती हलत नाहीत. स्वप्नं पडतात, पण सगळ्यांना पडतात तशी, सकाळपर्यंत पुसून जाणारी. आमच्या खोलीत रात्र अचानक फार मोठी झाली. रिक्षा जायची, नळ बंद व्हायचा, आणि त्यानंतर काहीच नाही. किती वाट पाहिली मी. त्यालाही चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. ‘आप्पा भेटायचे रे निदान,’ एवढंच एकदा म्हणाला.

मला वाटतं, ती वाट बंद झाली म्हणूनच त्याने दुसरी काढली. त्या दिवाळीत आम्ही गावी गेलो. आई पडवीत कडबोळी वळत होत्या. तो त्यांच्याजवळ जमिनीवर बसला आणि सांगू लागला, पुण्याच्या भाषेत नाही, झोपेतल्या त्या आवाजात, डोळे टक्क उघडे ठेवून. मी उंबऱ्याशी उभा होतो. आईंचे हात थांबले नाहीत, वेग फक्त कमी झाला. पुष्कळ वेळाने त्यांनी विचारलं, ‘गोळी रोज घेतुस न्हवं?’ तो हो म्हणाला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘तुमी बगता न्हवं त्याच्याकडं?’ मी मान डोलावली. त्यांनी एक कडबोळं मोडून अर्धं त्याला, अर्धं मला दिलं. त्या रात्री पडवीतच अंथरूण टाकून तो गाढ झोपला.

आता या घरात बोलणं दिवसा होतं. ज्यांच्या घरात अजून होत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिलं. तुमचा मुलगा, भाऊ, भाचा, शेजारच्या टेबलावरचा सहकारी काही सांगायला कचरत असेल, तर त्याला नातं विचारू नका, कुणाकडून झालं विचारू नका. औषध चालू आहे का, तेवढं विचारा आणि ऐकून घ्या. आणि तुम्ही स्वतःच तो असाल, शंका मनात घेऊन महिनोन्‌महिने रात्री मोजत असाल, तर उद्या सकाळी जवळच्या सरकारी रुग्णालयात जा. चाचणी मोफत होते, नाव गुप्त राहतं, गोळी मोफत मिळते. जायचं धैर्य होत नसेल तर १०९७ हा हेल्पलाइनचा नंबर आहे, फोनलाही पैसे पडत नाहीत. वेळेवर सुरू केलेल्या आणि न चुकता घेतलेल्या औषधावर माणूस म्हातारा होतो, आणि विषाणू दबलेला राहिला की ज्याच्यावर तो प्रेम करतो त्याला शरीरसंबंधांतून हा विषाणू लागत नाही.